फ्रेंच भक्तिसंध्या

कॅबरेत फ्रेंच गाणी साभिनय गाणाऱ्या प्रियदर्शनीचा गावी, कवठे महांकाळला, सत्कार ठरला. ‘कॅबरे’ शब्द वाचून समितीचे अध्यक्ष धोंडिरामअण्णा दचकले आणि त्यांनी फलकावर ‘फ्रेंच भक्तिसंध्या’ छापून टाकलं. प्रियदर्शनी भांडणारच होती. पण सात वर्षांत आई पहिल्यांदा तिचं गाणं ऐकायला येऊन बसली होती, म्हणून तिने शब्द गिळला आणि आपलं गाजलेलं गाणं घेतलं. नवरा कामावर गेला की शेजाऱ्याला खिडकीतून खुणावणाऱ्या बाईचं. खांदे उडवत, डोळे मोडत ती गायली. अख्खं सभागृह हात जोडून ऐकत होतं. अण्णांनी तर डोळे पुसले. “काय ती आर्तता! आवं, भक्तीला भाषा लागत न्हाई!”

कार्यक्रम संपल्यावर आई पडद्यामागे आली. प्रियदर्शनी गडबडली. “आई, ते भजन म्हणजे...”

“ऱ्हाऊ दे. बाई कुनाला तरी चोरून बोलवत हुती, एवढं कळलं मला.” आईने इकडेतिकडे पाहिलं, पदर तोंडाला लावला आणि हळूच विचारलं, “मग? आला का न्हाई त्यो?”