डालग्याखालचं करडू

शेळीची पहिली धडक मांडीवर बसली, दुसरी बरगडीत. जीना वाळूत कोसळली, हातातलं पाण्याचं भांडं उडालं. तिने डालगं जेमतेम वीतभर उचललं होतं. बांबूच्या त्या टोपल्याखाली कोंडलेलं करडू सकाळपासून ओरडत होतं, म्हणून ती पाणी द्यायला गेली. एवढंच.

शेळी मान खाली घालून पुन्हा आली. जीनाने दोन्ही हातांत डोकं लपवलं. तसं लपवायची तिला सवय होती.

"ह्याऽऽ, मेले!" लुईझा मावशी वल्हं घेऊन धावत आली. तिने शेळीच्या पाठीत वल्हं हाणलं. शेळी गुडघ्यांवर बसली, उठली आणि डालग्यावर शिंगं आपटू लागली. एक शिंग बुडाशी तडकलं. रक्त डोळ्यात उतरलं, तरी ती थांबेना. तोंडावर फटका बसला तेव्हा कुठे दहा पावलं मागे सरली. कास दुधाने तट्ट फुगलेली.

मावशीने जीनाचा कुर्ता वर करून बरगडी पाहिली. नव्या लाल वळाशेजारी चार दिवसांपूर्वीचा काळानिळा वळ होता. नवऱ्याचा, मार्कचा. मावशीने कुर्ता खाली केला.

मारून झालं की मार्क स्वतःच म्हणायचा, "जा बेटावर मावशीकडे. चार दिवस मोकळी फीर. पोराला मी बघतो." वर्षभरात ही तिसरी खेप. तो कधी न्यायला आला नाही, कधी फोन केला नाही. अकरा महिन्यांच्या जॅक्सनपायी तीच परतायची. तिच्या सासरचे, गिरीज गावातले शेजारी म्हणत, बोलवावं लागत नाही, म्हणजे संसार बरा चाललाय. बी.कॉम. झालेल्या जीनालाही ते पटलं होतं.

"हिला बांधून का नाही ठेवत गं, मावशी?"

"कशाला बांदायची? आख्ख्या बेटावर मोकली चरते. करडू झाकून ठेवलं का सांजेला येते आपल्या पायानी. दोरी नको का हाका नको. चल, पानी पी. चारची बोट गाठायचीय ना तुला?"

जीना हलली नाही. डालग्याखाली करडू ओरडलं आणि तिच्या कुर्त्यावर दुधाचे दोन ओले डाग पसरले.

मग ती उठली. बरगडी ठणकत होती. मार्क दार अडवेल, हात उगारेल, हे तिला ठाऊक होतं. ती तडक किनाऱ्याकडे चालू लागली.

"अगो, बॅग राहिली तुजी!" मावशी मागून ओरडली.

"राहू दे तिथेच," जीना वळून म्हणाली, "शेवटच्या बोटीने जॅक्सनला घेऊन येते."