उसनी हजेरी

"बाई, उद्या साहेब आमच्याकडे आले, की तुमची अकरा पोरं पाठवा," असं म्हणत शेजारच्या पाड्यावरचे देसलेगुरुजी आपली चौदा मुलं सैंदाणेबाईंच्या वर्गात बसवून दाराशी उभे राहिले. शिक्षणमंत्री वीसच्या आत पट असलेल्या शाळा बंद करत निघाले होते. बाईंनी फळ्यावर खडूनं लिहिलं: पट पंचवीस.

मंत्र्यांनी बोटानं एकेक डोकं मोजलं. "ही शाळा चालू राहील," ते म्हणाले, आणि बाईंचा जीव भांड्यात पडला.

"येताना अलीकडच्या पाड्यावर उतरलो होतो," मंत्री सचिवांकडे वळले. "तिथल्या शाळेत चिटपाखरू नव्हतं. तिला आजच कुलूप लावा."

दारातल्या गुरुजींनी बाईंकडे पाहिलं. बाई फळ्याकडे वळल्या आणि पंचवीसचा आकडा सावकाश, पुन्हा गिरवू लागल्या.