लपलेली शीर

तिसऱ्या प्रश्नालाही मुलाखतीला आलेल्या बाईंच्या तोंडून शब्द फुटला नाही. ओठ हलले, इतकंच. मांडीवरच्या पर्सचा पट्टा मात्र त्यांनी पार पिळून काढला.

रुग्णालयाच्या चौकशीच्या दोन खिडक्यांवर माणसं हवी होती. मुलाखत घ्यायला टेबलामागे प्रशासनाचे साहेब होते आणि त्यांच्या शेजारी, परवापरवापर्यंत याच इमारतीत सलाइन लावणाऱ्या सिस्टर. एचआरच्या खुर्चीत त्यांचा हा पहिलाच दिवस. कागदावर त्या मॅडम झाल्या होत्या. हाक मात्र सगळे अजून सिस्टर म्हणूनच मारत.

"आधी उशिरा आलात, आता बोलतही नाही," साहेब म्हणाले. "खिडकीवर गर्दी झाली तर काय कराल? लोक चिडले तर? सांगा ना!"

बाई आणखी आक्रसल्या. बोटं पांढरीफटक पडली. सिस्टर त्या बोटांकडेच बघत होत्या.

साहेब त्यांच्याकडे झुकून हळूच म्हणाले, "पुढच्याला बोलवू. हा वॉर्ड नाही सिस्टर, येईल त्याला बरं करून पाठवायला."

सिस्टरांची कानशिलं तापली. पहिल्याच दिवशी साहेबांचा शब्द मोडायचा? जिभेवर आलेलं 'बरं' त्यांनी गिळलं. सुई हातात धरताना घेत, तसं मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं.

"थांबा जरा, साहेब. शीर लपलीय."

"काय लपलंय?"

"शीर. माणूस भ्यालं की लपते. टोचत राहिलं की अजून आत जाते. आधी हात गरम करावा लागतो."

दोघांचा चहा नुकताच आला होता. आपला कप त्यांनी बाईंपुढे सरकवला. "प्यायला नको असेल तर नुसता धरा. दोन्ही हातांनी."

मग आपली खुर्ची उचलून त्या टेबलाच्या अलीकडे, बाईंच्या शेजारी येऊन बसल्या. विचारलं काहीच नाही. साहेब घड्याळ पाहून खाकरले. सिस्टर हलल्या नाहीत. हळूहळू कपाभोवतीच्या बोटांवर रंग चढला.

"खोली सापडली का हो नीट?" सिस्टरांनी सहज विचारलं.

"कुठली सापडतेय!" बाई एकदम म्हणाल्या. "फाटकातच एक आजोबा भेटले. एक्स-रे कुठं काढतात म्हणून मलाच विचारायला लागले. मी काय सांगणार, कपाळ! म्हटलं चला आजोबा, मीही नवीनच, दोघं मिळून हरवू. सगळे मजले पालथे घातले, त्यांना एक्स-रेपाशी बसवलं, तोवर इथली वेळ टळून गेली."

साहेबांना हसू आवरेना. "आणि रक्त कुठं तपासतात?"

"जिन्यामागं. आधी तिथंच तर जाऊन पोचलो होतो आम्ही!"

"सोमवारपासून याल?" साहेबांनी विचारलं.

बाईंनी मान डोलावली, आणि आता कुठं चहाचा पहिला घोट घेतला.

त्या गेल्यावर सिस्टर आपली खुर्ची घेऊन जागेवर परतल्या. अवघड शीर एका फटक्यात लागली की वॉर्डात चालत, तशाच. मान ताठ, पावलं हलकी.

पुढचा उमेदवार आत आला. खुर्चीच्या कडेवर टेकला. साहेबांनी प्रश्नांचा कागद उचलला, त्याच्या हातांकडे पाहिलं आणि कागद खाली ठेवला.

आपला कप त्यांनी गुपचूप त्याच्यापुढे सरकवला.