वरच्या डिव्हिजनचा माणूस

"बघ, पुन्हा यंत्र उचललं त्याने," ऱ्होंडा लोर्नाला कोपराने ढोसत म्हणाली.

टेनेसीहून आलेले प्रशिक्षक प्रुइट जाळीमागे उभे राहून कोल्बीच्या प्रत्येक चेंडूचा वेग मोजत होते. कोल्बी लोर्नाचा एकुलता एक. कॅन्ससमधल्या या गावच्या ज्युनिअर कॉलेजातलं, म्हणजे कॉलेज बेसबॉलच्या सगळ्यात खालच्या पायरीवरचं, त्याचं हे शेवटचं वर्ष. प्रुइटांनी सगळ्यात वर, डिव्हिजन वनमध्ये नेलं तर बेसबॉल, नाहीतर मामाचं टायरचं दुकान.

कोल्बी खेळला त्या सगळ्या पायऱ्या लोर्नाने आई म्हणून पाहिल्या होत्या. लुइझियानाला, डिव्हिजन वनमध्ये, पालकांना पाठ टेकायला खुर्ची होती आणि जागा दाखवायला माणूस. मिझुरीला, डिव्हिजन टूमध्ये, नुसतं पत्र्याचं बाकडं. इथे खुर्ची घरून आणायची आणि सँडविचही आपणच करायची, पाहुण्या संघाचीसुद्धा.

"एवढा छान फेकतो, मग वरून खाली कसा आला गं?" ऱ्होंडाचा मुलगा राखीव खेळाडूंत होता, त्यामुळे तिला असले प्रश्न पडत.

"राजकारण. वर सगळे आपापली माणसं घुसवतात."

"आता हा गेला की घरात तू एकटीच."

"जाऊ दे की. नवरा गेला तेव्हा मेले का मी?"

कोल्बीने शेवटचा फलंदाज बाद केला. लोर्ना घसा बसेपर्यंत ओरडली.

गाड्या लावतात तिथे प्रुइटांनी तिला गाठलं आणि टोपी काढली.

"मॅडम, पोरगं मला पसंत आहे. पण आईशी बोलल्याशिवाय मी कुणाला घेत नाही. बाप फुगवून सांगतात. आया खरं बोलतात."

लोर्नाचे डोळे भरून आले. "म्हणूनच लपवत नाही तुमच्यापासून. त्याचा खांदा गेलाय. गोळ्या घेऊन फेकतो आणि रात्रभर कण्हतो."

"आमचे डॉक्टर तपासतील."

"तपासणीत दिसत नाही हो. त्याला विचाराल तर ठणठणीत आहे म्हणेल. मी सांगितलं हे कळलं, तर जन्मात माझं तोंड बघणार नाही."

प्रुइट टोपी हातात फिरवत राहिले. मग म्हणाले, "अशी आई मिळायला नशीब लागतं." आणि गेले.

कोल्बी धावतच आला. "काय म्हणाले?"

"कौतुक करत होते. कळवतो म्हणाले."

"मागच्यांसारखं नाही ना गं होणार?"

"वेडा आहेस का! चल, भूक लागली असेल."

कोल्बीने बर्फाची भरलेली पेटी चेंडू फेकायच्या उजव्या हाताने उचलून गाडीत भिरकावली आणि शीळ घालत शेजारी येऊन बसला. लोर्नाने आरशात पाहिलं. डोळे अजून लाल होते. लुइझियानाच्या आणि मिझुरीच्या प्रशिक्षकांना हेच फोनवर सांगितलं, तेव्हा रडावं लागलं नव्हतं.