सांधेवाल्याची पोरगी
बत्तीस वर्षं रुळांचे सांधे बदलून, गाड्यांना रस्ता करून देऊन नत्थू रेल्वेतून रिटायर झाला, तेव्हा कुठे त्याला पोरीची बास्केटबॉलची मॅच पाहायची सवड मिळाली. कॉलेजातली तिची ती शेवटचीच मॅच. दीपमाला टीमची सेंटर होती, बास्केटखाली धक्के खाणारी. चार वर्षं काळेनिळे खांदे घेऊन गुढियारी वस्तीतल्या घरी यायची. पोरीनं बास्केट केलं की दाखवायची म्हणून त्यानं ड्यूटीची हिरवी झेंडी खिशात आणली होती. शेवटच्या मिनिटाला बॉल तिच्याच हाती आला. "टाक, बेटा!" नत्थू ओरडला. पण तिनं तो टीममधल्या ठेंगण्या रीनाला दिला आणि रीनाला अडवायला धावलेल्या समोरच्या टीमच्या पोरीपुढे खांबासारखी उभी राहिली. रस्ता मोकळा झाला. बास्केट पडलं, मॅच जिंकली. सगळ्यांनी रीनाला उचललं. शेजारी बसलेला माणूस म्हणाला, "भैया, तुमची पोट्टी तर नुसती उभीच होती!" "हव," नत्थू म्हणाला, "मीबी बत्तीस वर्षं उभाच होतो." आणि त्यानं झेंडी उघडली.