पत्रोबाचा आवाज

पडद्यावरच्या राणीने तोंड उघडलं आणि ठमी दचकली. लहानपणापासून ओळखीची ही राणी आज पहिल्यांदाच बोलत होती.

"अगं बाई, ही तर घोगऱ्या आवाजाची निघाली! ऐकलंस का रे दादा?"

दादाने ऐकलं, पण तो बोलणार कसा? कॅन्सरपायी त्याचं स्वरयंत्र काढून टाकलं होतं. गळ्याशी आता एक छिद्र होतं आणि त्यावर पांढरा रुमाल. ज्याने जन्मभर भाजीबाजारात लिलाव पुकारला, ज्याच्या हाकेने रस्त्यापलीकडचे हमाल वळून बघायचे, तो माणूस ऑपरेशनपासून गप्प बसून होता. डॉक्टरांनी त्याला मुठीत मावेल एवढं एक यंत्र दिलं होतं. ते गळ्याला टेकवायचं, बटण दाबायचं आणि ओठ हलवायचे, की शब्द उमटतात. दादाने ते एकदाच लावून पाहिलं. त्यातून निघालेला चपटा, घरघरणारा आवाज ऐकला, पाटीवर 'हा मी नाही' असं लिहिलं आणि यंत्र नेऊन आतल्या कपाटाच्या खणात टाकलं. सवय केली नाही तर बोलणं कायमचं राहून जाईल, हे डॉक्टर सांगून दमले आणि वहिनी रडून दमली. ठमीने समजूत घालायचा नाद सोडला आणि भलतंच खूळ डोक्यात घेतलं.

लहानपणी त्यांच्या घरी टीव्ही नव्हता. समोरच्या घरी होता, पण त्या लोकांच्या खिडकीची काच कायम बंद. चित्र दिसायचं, आवाज शून्य. मग काय, आवाज या दोघांनी पुरवले. राणी तेवढी ठमीची, बाकी सगळी दुनिया दादाची. त्यातही राणीचा पत्र्याचा नोकर म्हणजे दादाचा जीव की प्राण. त्याचं पत्रोबा हे नावही दादानेच ठेवलेलं. पत्रोबाची पाळी आली की दादा रिकामा डबा तोंडाला लावायचा, नाक दाबायचा, घसा खरवडायचा आणि शेवटी वैतागून डबा आपटायचा. "छे! अजून माणसासारखाच येतोय!"

मालिकेचं खरं नाव दोघांनाही ठाऊक नव्हतं. ठमीने भेटेल त्याला विचारलं आणि पुष्कळ हसं करून घेतलं. शेवटी जुन्या मालिका जमवणाऱ्या एका वल्लीने नुसत्या वर्णनावरून ती ओळखली आणि एक भाग पाठवून दिला. "आवाज जरा खराब आहे हं," त्याने आधीच सांगितलं. "असू द्या," ठमी म्हणाली, "आम्ही तो कधी ऐकलेलाच नाही."

आता दिवाणखान्याचं दार उघडून पत्रोबा आत आला. तोच डुगडुगत चालणारा, तीच वाकडी मान. दादा खुर्चीत पुढे सरकला. पत्रोबाने तोंड उघडलं आणि नाजूक, गोड गळ्याने एक कविता म्हणून दाखवली.

दादाचा चेहरा उतरला. त्याने रिमोट उचलला. झालं, आता बंद करणार, असं ठमीला वाटलं. पण दादाने फक्त आवाज घालवला. चित्र सुरूच राहिलं. मग त्याने ठमीकडे बघितलं.

ती नजर ठमीला कळली. तिने रिमोट घेऊन चित्र मागे नेलं, पदर सावरला आणि साठीतल्या आपल्या आवाजाला जमेल तेवढा राणीचा तोरा आणला.

"पत्रोबा! कुठे उलथला होतास? बोल की!"

पडद्यावर पत्रोबाचे पत्र्याचे ओठ उघडले, मिटले. खोलीत काही ऐकू आलं नाही. पुढचं वाक्य ठमीला पाठ होतं. पण ते तिचं नव्हतं. लहानपणी एकदा ती मधेच बोलून गेली होती, तेव्हा दादाने तो डबा तिच्या डोक्यात घातला होता. तिने चित्र पुन्हा मागे नेलं.

"पत्रोबा! कुठे उलथला होतास? बोल की!"

पुन्हा ते मुके ओठ. दादा उठला आणि आतल्या खोलीत निघून गेला. संपलं, ठमीला वाटलं. तिला रडू आलं. उगाच दुखऱ्या जागी बोट ठेवलं, असं वाटलं. तेवढ्यात आत खण ओढल्याचा आवाज झाला. स्वयंपाकघराच्या दारात वहिनी ओल्या हातांनी उभी राहिली.

दादा खुर्चीत येऊन बसला. यंत्र त्याने गळ्याला टेकवलं आणि दुसऱ्या हाताने ठमीला खूण केली, चल, पहिल्यापासून.

"पत्रोबा! कुठे उलथला होतास? बोल की!"

पत्र्याचे ओठ उघडले.

"आधी तेल घाला, बाईसाहेब. मग बोलतो."

ठमीच्या अंगावर सर्रकन काटा आला. चपटा, घरघरणारा, कुठल्याच माणसाचा नसलेला आवाज. दादाने ज्याच्यासाठी डबे चेपले, नाक लाल करून घेतलं आणि जो त्याला कधी म्हणजे कधी जमला नाही, तोच हा आवाज. पडद्यावरचा पत्रोबा जणू त्याच आवाजात बोलत होता. दादाही ऐकत राहिला. त्याचे डोळे मोठे झाले होते, डबा हातात घेतलेल्या पोराचे असायचे तसे.

राणी पडद्यावर हात कमरेवर ठेवून उभी राहिली. आता तिने ओरडायचं होतं. पण ठमी दादाकडेच बघत राहिली.

दादाने खुर्चीच्या हातावर बोटं वाजवली. थोडी वाट पाहिली. मग यंत्र पुन्हा गळ्याशी नेलं.

"ठमे," तो म्हणाला, "तुझं वाक्य."