सुई कुणाच्या हाती

डॉक्टर ऑर्विल यांनी औषधाच्या दुकानात येऊन बाही वर सरकवली. "दे गं इन्ग्रिड, फ्लूची लस टोचून."

"नाही देता येणार, डॉक्टर. आम्हा फार्मासिस्टना लस टोचायला डॉक्टरची सही लागते. आजवर अख्ख्या गावाला तुमच्या सहीवर टोचलं. काल तुम्ही निवृत्त झालात. दुसरा डॉक्टर नव्वद मैलांवर."

"कुठल्या गाढवानं केला हा नियम?"

इन्ग्रिडनं काउंटरमागचं पिवळं पडलेलं कात्रण दाखवलं. ‘फार्मासिस्टच्या हाती सुई देऊ नका’ असं विधानसभेच्या सुनावणीत ठणकावणारा तरुण डॉक्टर म्हणजे ऑर्विलच.

त्यांनी बाही खाली ओढली. "नियम बदलायची सुनावणी कधी आहे?"

"मंगळवारी. पण तिथं विरोध करणारे तुमचेच मुद्दे आमच्या तोंडावर मारतात."

"मारू देत. मी येतोय. तीस वर्षांपूर्वी ते मुद्दे मांडतानाच त्यांची उत्तरं मला माहीत होती."